खुशालीचा निरोप
मोबाइलवरून मुलांशी बोलणाऱ्या आईबापांसाठी एक पाठ



आपल्या मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. घर सोडून जाणाऱ्याला आपण निरोप देतो, आणि तो गेल्यावर त्याच्याकडे निरोप पाठवितो. मुंबईच्या गोदीत किंवा विमानतळावर ज्यांनी आपल्या माणसांचा निरोप घेतला, आणि मग दिमोना, लोद, अश्दोद, बेर शेवा येथून निळ्या हवाईपत्रांवर बारीक अक्षरांत निरोप धाडले, त्यांना हे दोन्ही अर्थ समजावून सांगायला नकोत. पत्राचे उत्तर यायला महिना लागे. घरी टेलिफोन घ्यायचा तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रस्त्यावरच्या फोनसाठी मध्ये भोक असलेले असिमोन खिशात बाळगावे लागत.

आज एक मुलगा हैफाला, मुलगी परदेशी, नातू सैन्यात, अशी आपली घरे पांगली आहेत. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि क्षणात निरोप पोचतो. तरीही आपल्या घरांत तक्रार ऐकू येते की मुले बोलत नाहीत. साधन हाती आले आणि बोलणे आटले, असे का व्हावे? तोरा आणि आपल्या ज्ञानी लोकांची शिकवण यांच्या आधाराने आपण या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू.

१. याकोबाने मागितलेला निरोप

बेरेशीतच्या ३७व्या अध्यायात याकोब आपल्या लाडक्या योसेफाला हेब्रोनच्या खोऱ्यातून शखेमकडे पाठवितो. काम एवढेच की भाऊ सुखरूप आहेत का, कळप ठीक आहेत का, ते पाहून यावे आणि बापाला कळवावे. मूळ हिब्रूत येथे ‘शालोम’ हाच शब्द आला आहे. म्हणजे मुलांची खुशाली विचारणे ही काही आजच्या काळजीखोर आईबापांची खोड नव्हे. आपला पिता याकोबही तेच करीत होता.

पण त्या दिवशी खुशालीचा निरोप परत आला नाही. आला तो बकऱ्याच्या रक्तात बुडविलेला अंगरखा, आणि त्याबरोबर हा तुमच्या मुलाचा आहे का ते ओळखा, असा प्रश्न. त्यानंतर २२ वर्षे काहीच नाही. हा हिशेब सोपा आहे. योसेफ विकला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. पुढे सुकाळाची ७ वर्षे आणि दुष्काळाची २ वर्षे गेली, तेव्हा बापलेकांची भेट झाली.

रामबान या थोर भाष्यकाराने येथे एक बोचणारा प्रश्न विचारला आहे. मिसर ते हेब्रोन वाट सुमारे सहा दिवसांची. योसेफ मिसरात मोठा अधिकारी झाला, माणसे हाताशी होती. मग त्याने बापाला एक पत्र का धाडले नाही? भाष्यकारांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आपण या पाठापुरती एकच गोष्ट ध्यानात घेऊ. ज्या योसेफाने पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, कारण देवाने त्याला त्याचे कष्ट आणि बापाचे घर विसरावयास लावले, त्याच योसेफाने भावांना ओळख दिल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला तो बाप अजून जिवंत आहे का, हा.

यातून पहिला धडा मिळतो. गप्प असलेले मूल विसरलेले असतेच असे नाही. फोनवर उत्तर आले नाही म्हणजे माया आटली, असा निवाडा आईबापांनी लगेच करू नये.

२. गाड्यांची खूण

बेरेशीतच्या ४५व्या अध्यायात भाऊ परत येऊन सांगतात की योसेफ जिवंत आहे. याकोबाचे मन बधिर होते. त्याचा विश्वास बसत नाही. नुसती बातमी पुरत नाही. मग ते योसेफाचे सगळे शब्द सांगतात, त्याने पाठविलेल्या गाड्या याकोब पाहतो, आणि तेव्हा त्याच्यात पुन्हा जीव येतो.

गाड्या पाहून विश्वास का बसावा? राशीने ज्ञानी लोकांचे म्हणणे दिले आहे. ताटातूट होण्यापूर्वी बापलेक तोरेतील एका विषयाचा अभ्यास करीत होते. तो विषय म्हणजे मान मोडलेल्या कालवडीचा, एग्ला अरूफा. हिब्रूत गाडीला ‘अगाला’ आणि कालवडीला ‘एग्ला’ म्हणतात. योसेफाने गाड्या पाठविल्या त्या खूण म्हणून: बाबा, आपण शेवटी काय शिकत होतो ते मला आठवते. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. म्हणूनच याकोबाला पटले.

निरोपात जीव कशाने येतो, ते येथे कळते. सकाळी फुलांचे चित्र आणि ‘बोकेर तोव’ असे छापील अक्षर पन्नास जणांना एकदम पाठविले तर तो निरोप कोणालाच मिळत नाही. मुले त्याला कंटाळतात, आणि ते साहजिक आहे. पण ‘आज बिरडे केले, वाल सोलताना तू लहानपणी किती पळवायचास ते आठवले’ ही एक ओळ फक्त त्याच मुलासाठी असते. ती आपली गाडी. घरातले टोपणनाव, नव्याच्या सणाला केलेला चिकाचा हलवा, आजोबांची एखादी म्हण, शेजारच्या मांजरीची हकिकत, असे काहीही चालेल. पण ते दोघांचे असावे.

या खुणेचा आणखी एक व्यवहारी उपयोग आहे. ‘आई, माझा फोन बिघडला, हा नवा नंबर आहे, ताबडतोब पैसे पाठव’ असे खोटे निरोप पाठवून लबाड लोक म्हाताऱ्या आईबापांना फसवितात. असा निरोप आल्यास पैसे न पाठविता प्रथम मुलाच्या जुन्या नंबरावर फोन करावा. तो न लागल्यास घरातला असा एक मराठी शब्द विचारावा, जो परक्याला ठाऊक असणार नाही. हा शब्द घरातल्या सर्वांनी आधीच ठरवून ठेवावा.

३. प्रत्येकाला त्याच्या लिपीत

पुरीमला, म्हणजे कोकणातल्या आपल्या वाडवडिलांच्या होळीच्या सणाला, आपण मेगिल्ला ऐकतो. तीत राजाची पत्रे १२७ प्रांतांत जातात. ती प्रत्येक प्रांताला त्याच्या लिपीत, प्रत्येक लोकांना त्यांच्या भाषेत, आणि यहुद्यांना त्यांच्या लिपीत व भाषेत लिहिलेली असतात. शक्तिमान राजालाही कळत होते की निरोप पाठविणाऱ्याने घेणाऱ्याच्या लिपीपर्यंत चालत जावे लागते.

आमच्या समाजाने हे फार पूर्वी ओळखले होते. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात पेसाहचा हागादा हिब्रूबरोबर मराठी भाषांतरासह छापला गेला. त्या काळी घरातल्या मुलाबाळांना मराठी कळे आणि हिब्रूला मदत लागे. म्हणून हिब्रूच्या सोबतीला मराठी दिली. आज इस्रायलमध्ये जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत उलट झाले आहे. त्याच्या कानाला मराठी कळते, पण डोळ्याला हिब्रूच वाचता येते. तेव्हा आता मराठीच्या सोबतीला हिब्रू द्यावी. मराठी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. तिला एकटी पाठवू नये, एवढेच म्हणतो.

हे कसे करावे? पहिला मार्ग आवाजाचा. व्हॉट्सॲपवर लहान बोलका निरोप पाठविता येतो. तो मराठीत बोलावा, कारण मूल कानाने मराठी जाणते आणि आईचा आवाज कोणत्याही लिपीत लिहिता येत नाही. मात्र तो अर्ध्या मिनिटाच्या आत संपवावा. पाच मिनिटांचे भाषण मूल ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवते आणि मग ऐकत नाही. दुसरा मार्ग दोन ओळींचा: एक ओळ साध्या हिब्रूत, खाली एक ओळ मराठीत. हिब्रूचे स्पेलिंग चुकले तरी हरकत नाही. चुकीचे का होईना, आई आपल्यासाठी लिहिते, हे मुलाला दिसते. तिसरा मार्ग मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहिण्याचा. त्यात आपला ‘ळ’ हरवतो, ‘ख’ आणि ‘घ’ नीट बसत नाहीत, तरी दोन-चार शब्दांपुरते ते चालते. नातवंडांना तर तो खेळच वाटतो. यंत्राने केलेले भाषांतर अर्थ कळण्यापुरते ठीक. पण ‘तुझ्यावाचून करमत नाही’ याचे यंत्र काय करील ते सांगता येत नाही.

ज्यांचे फोन जुने आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. मोबाइलवर पहिला लेखी निरोप ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. या साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी लिपीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीत किंवा हिब्रूत मात्र ७० च. देवनागरीत काना आणि वेलांटीही वेगळी मोजली जाते, म्हणून ‘आई’ची दोन अक्षरे होतात आणि ‘कशी’ची तीन. त्यापेक्षा मोठा निरोप तुकड्यांत जातो. हिब्रू भाषेच्या अकादमीने एसएमएसला ‘मिसरोन’ असे नाव दिले आहे, म्हणजे छोटासा निरोप. नावातच धडा आहे: छोटा लिहा.

४. आईबापांचा मान आणि दोन निळ्या खुणा

आता सर्वांत नाजूक भाग. व्हॉट्सॲपवर निरोप निघाला की एक करडी खूण दिसते, समोरच्या फोनवर पोचला की दोन करड्या, आणि वाचला की त्या दोन खुणा निळ्या होतात. या निळ्या खुणा २०१४ साली आल्या, आणि तेव्हापासून कितीतरी आईबापांची झोप उडाली. ‘वाचलेस आणि उत्तर दिले नाहीस!’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. ज्याने ही सोय बंद करून ठेवली त्याच्याकडून निळी खूण येतच नाही. मग त्याने वाचलेच नाही असा दुसरा गैरसमज होतो.

आईबापांचा मान राखणे ही दहा आज्ञांतील पाचवी आज्ञा. तिला कोणी कमी लेखू नये. पण त्या आज्ञेला दुसरी बाजू आहे, आणि ती आईबापांना उद्देशून आहे. रामबाम आपल्या ग्रंथात मम्रीमच्या नियमांमध्ये, सहाव्या अध्यायात, शिकवितो की मुलांनी आईबापांचा मान कितीही राखावयाचा असला, तरी बापाने मुलांवर जड जू ठेवू नये आणि आपल्या मानाचा काटेकोर हिशेब करू नये. तसे केले तर तो मुलांना ठेच लागण्यास कारण होतो. त्याने क्षमा करावी, काणाडोळा करावा. कारण बापाने आपला मान सोडला तर तो सोडलेला धर्माने मान्य आहे. याचे मूळ तालमूदमध्ये किद्दुशीनच्या ३२व्या पानावर आहे.

या शिकवणीचा गाभा समजून घेऊ. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे तोरा सांगते. दिवसात दहा वेळा उत्तर मागून, प्रत्येक निळ्या खुणेचा जाब विचारून, आपण मुलाला उद्धट उत्तर देण्यास भाग पाडले, तर त्याने आज्ञा मोडली हे खरे; पण वाटेतला दगड कोणी ठेवला? म्हणून उत्तर न मागणारा निरोप पाठविणे हा दुबळेपणा नव्हे. तो आईबापांच्या हातातला अधिकार आहे, आणि मायेने वापरला तर तोच त्यांचा मान वाढवितो.

हे दोन निरोप शेजारी ठेवून पाहा.

‘कुठे आहेस? जेवलास का? फोन का उचलत नाहीस? आम्ही मेलो तरी तुला कळायचे नाही.’

‘राजा, आज पाऊस पडला. तुझी आठवण आली. सवडीने लिही, घाई नाही. आई.’

पहिल्यात चार ओझी आहेत. काळजी दोन्हींत सारखीच आहे, पण दुसरा निरोप मूल उघडून पुन्हा वाचील.

आणखी एक गोष्ट. जे तोंडाने बोलवत नाही ते कधी कधी लिहिता येते. आपल्या समाजात बाप मुलाची माफी मागतो असे फारसे घडत नाही. पण ‘काल मी जास्त बोललो. तुझे म्हणणे बरोबर होते. बाबा’ एवढे लिहायला एक मिनिट लागते, आणि समोर कोणी पाहत नसते. दोन वर्षांचा अबोला अशा एका ओळीने सुटू शकतो. उलट भांडण मात्र कधीही लिहून करू नये. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. रागाचा शब्द मूल दहा वेळा वाचते आणि तो दर वेळी नव्याने लागतो. भांडणासाठी समोरासमोर बसावे, निदान फोन करावा.

५. वेळ पाहून लिहावे

शब्बाथला लिहिणे हे वर्ज्य कामांपैकी आहे. ज्या घरात शब्बाथ पाळला जातो त्या घरच्या मुलाला किंवा सुनेला त्या दिवशी निरोप पाठवून अडचणीत टाकू नये. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वीचा ‘शब्बाथ शालोम’ आणि हवदालानंतरचा ‘शावुआ तोव’, या दोन निरोपांची सवय लागली तर आठवड्याला दोन्ही बाजूंनी कडा बसते. जिवाला धोका असेल तेव्हा गोष्ट वेगळी. जीव वाचविणे शब्बाथच्या वर आहे. शंका असल्यास आपल्या रब्बींना विचारावे. येशिवात शिकणाऱ्या काही मुलांचे फोन ‘कोशेर’ असतात, त्यांवर लेखी निरोप पोचत नाही. त्यांना आवाजच द्यावा.

मूल सैन्यात असेल तर त्याच्या गप्प राहण्याचे कारण बहुतेक वेळा साधे असते: फोन त्याच्याजवळ नसतो. सुरुवातीच्या प्रशिक्षणात दिवसाकाठी थोडाच वेळ फोन हाती मिळतो, आणि कामगिरीवर जाताना तो काढूनही घेतात. त्या थोड्या वेळात त्याला तुमचे बारा प्रश्न दिसावे की एक गोड ओळ? शिवाय तो कोठे आहे, कोठे निघाला आहे, हे कधीही विचारू नये, आणि त्याने पाठविलेला फोटो नातेवाइकांच्या गटात फिरवू नये. त्याने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना धोका होऊ शकतो. मूल गाडी चालवीत असेल अशा वेळीही निरोपांचा मारा करू नये; हातात फोन धरून गाडी चालविणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायद्यापेक्षा त्याचा जीव मोठा.

भोंगा वाजतो तेव्हा काय करावे, हे प्रत्येक कुटुंबाने शांततेच्या दिवशी ठरवून ठेवावे. २०२५ च्या जूनमध्ये इराणशी १२ दिवस युद्ध झाले, तेव्हा रात्री-अपरात्री ममादमध्ये बसून सगळे एकमेकांना फोन करीत राहिले. त्यापेक्षा सोपी रीत अशी: घरच्या गटात ज्याने त्याने फक्त अंगठ्याची एक खूण टाकावी. म्हणजे मी सुखरूप आहे. ज्याची खूण दिसत नाही त्याला एकानेच फोन करावा, सर्वांनी नव्हे. कोणी कोणाला करावयाचा, तेही आधीच ठरलेले असावे.

आणि येथे एक जड गोष्ट लिहिणे भाग आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, शब्बाथ आणि सिम्हात तोराच्या सकाळी, गाझालगतच्या वस्त्यांतून आणि रेईमजवळच्या नाचगाण्याच्या मेळाव्यातून कितीतरी मुलांनी आईबापांना मोबाइलवर चार शब्द लिहिले. त्यांपैकी काहींचे ते शेवटचे शब्द ठरले. त्या निरोपांत प्रेमाचे शब्द होते. त्या वेळी ज्या घरांत एकमेकांना असे लिहिण्याची रोजची सवय होती, त्यांना निदान शब्द शोधावे लागले नाहीत. निरोपाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी एक झाले. आजचा आपला साधा निरोप कोणता ठरेल हे परमेश्वराखेरीज कोणाला ठाऊक नाही; म्हणून तो रागाने पाठवू नये.

६. घरी विचार करण्यासाठी प्रश्न

अ) गेल्या आठवड्यात मुलांना पाठविलेले निरोप पुन्हा वाचा. त्यांत प्रश्न किती, सूचना किती, आणि मायेचे शब्द किती?

आ) आपली ‘गाडी’ कोणती? अशी कोणती आठवण आहे, जी फक्त तुम्हाला आणि त्या एका मुलाला ठाऊक आहे?

इ) तोरा सांगते की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांना शिकवावे. मूल दूर असेल तर यांपैकी कोणती वेळ निरोपासाठी योग्य? ती मुलालाच विचारून ठरवा.

ई) नातवंडांना एका महिन्यात चार मराठी शब्द शिकवावयाचे असतील, तर कोणते चार पाठवाल?

मिशले या पुस्तकात शलोमो राजा सांगतो की दूर देशाहून आलेली चांगली बातमी तान्हेल्याला मिळालेल्या थंड पाण्यासारखी असते. कोकणातल्या उन्हात आणि नेगेवच्या उन्हात वाढलेल्या आपल्या लोकांना ही उपमा फोडून सांगायला नको. पण पाणी पेल्यात भरून द्यावयाचे असते, तोंडावर फेकावयाचे नसते. या शब्बाथच्या आधी दिवे लावण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. ज्या मुलाकडून फार दिवसांत काही आले नाही, त्याला एक ओळ लिहा. तिच्यात एकही प्रश्न नको.

एलियाहू हन्नाबी आपल्या घरांत खुशालीचे निरोप आणो. आमेन.